पंतोजी, एकोणिसावा मजला

कारमायकल रोडवरच्या त्या घरी
लिफ्टचं दार उघडायच्या आत बूट काढायचे असतात,
हे पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही.
आता सवय झाली. भोक नसलेले मोजे
मंगळवार-शुक्रवारसाठी वेगळे ठेवतो.

अभिराज अकरा वर्षांचा. शाळेचा प्रकल्प:
रोमच्या सम्राटांची मुलं कशी वाढत.
"चार पानं, सर. चित्रांसकट."

मी सांगतो, त्यांच्या गळ्यात सोन्याचा ताईत असे,
दृष्ट लागू नये म्हणून. जाणतं झाल्यावर
तो उतरवून घरच्या देवांपुढे ठेवायचा.
त्याचा हात नकळत कॉलरखाली जातो.
तिथे काळा दोरा आहे.
कुणी बांधला, ते तो सांगत नाही.

मेणाची पाटी. खेळायला हस्तिदंताची अक्षरं.
फळीवर कोरलेल्या खाचांतून लेखणी फिरवायची,
म्हणजे हात घसरत नाही.
"म्हणजे गिरवणं," तो मराठीत म्हणून जातो
आणि लगेच इंग्रजीत सारवासारव करतो.

एका सम्राटानं नातवांना स्वतः शिकवलं:
वाचायला, पोहायला,
आणि हुबेहूब आपल्यासारखं अक्षर काढायला.
मुलींना सूत कातायला बसवलं. ताकीद अशी,
की रोजनिशीत उघड लिहिता येणार नाही
असं घरात काही बोलायचं नाही.
आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.
छताच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल ठिपका.
मग तो वहीच्या मागच्या पानावर
आजोबांची सही काढत राहिला,
नवव्यांदा, दहाव्यांदा.
शेवटची रेघ खाली वळली की आजोबांची,
वर गेली की त्याची स्वतःची. ती तो खोडायचा.

मी हुद्दे समजावले. आधी दाई.
मग दप्तर उचलून शाळेत नेणारा गुलाम:
कसं चालावं, कसं जेवावं, दटावून शिकवणारा.
मग व्याकरणाचा पंतोजी, मग वक्तृत्वाचा.
पंतोजी बरेचसे ग्रीक, कितीतरी सुटका झालेले गुलाम.
"म्हणजे तुम्ही, सर?"
कुचेष्टा नव्हती. तो नुसता रकाना भरत होता.
म्हटलं, लिही. तासाचे अठराशे तेवढे लिहू नकोस.

दाईची भाषा मात्र शुद्ध हवी, असं तिथले जाणते सांगत,
कारण पोर तीच आधी उचलतं.
इतक्यात सत्यभामाबाई दूध घेऊन आल्या.
"पी रे बाबा, साय येतली."
"माका नको," तो पुटपुटला,
कॅमेऱ्याकडे पाठ करून.

"मग शेवटी या मुलांचं काय झालं?"
परीक्षेत नसलेला प्रश्न.
कुणाला विष, कुणाला खंजीर, कुणाला दूरचं बेट.
एकजण सम्राटही झाला. त्याला खोलीतच भोसकलं.
प्रेत गरिबाच्या तिरडीवरून
भाड्याच्या माणसांनी नेलं.
शहराबाहेर आपल्या मळ्यात
त्याला अग्नी दिला तो म्हाताऱ्या दाईनं.
राख लपवून त्याच्या घराण्याच्या देवळात नेली
आणि त्याच्या पुतणीच्या राखेत मिसळली.
तिलाही तिनंच वाढवलेलं.
नाव फिलिस.

रिकामा ट्रे छातीशी धरून
सत्यभामाबाई दारातच थांबल्या होत्या.
"निजयल्यान मां शेवटी," त्या म्हणाल्या,
आणि गेल्या.

अभिराजनं विचारलं, फिलिसचं चित्र कुठे मिळेल?
नाही मिळणार, बाळा.
तिचं वय? गाव?
कुणी लिहून ठेवलं नाही.
चौथं पान तर भरलं होतं.
त्यानं समासात, उभं, नाव लिहिलं,
आणि पेला उचलून गार झालेलं दूध
सायीसकट पिऊन टाकलं.

खाली उतरताना लिफ्टमन म्हणाला,
जूनपासून इंग्रजी बोलणारी नवी बाई येणार आहे.
देवगडचं तिकीट काढून झालंय.
"बाबाला अजून सांगितलं नाही, मास्तर.
तुम्हीपण बोलू नका."

मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो.