आईचा रकाना

पहाटे साडेपाचला चवळीचं फूल उघडतं
आणि नऊच्या आत मिटून घेतं स्वतःला,
मारादीच्या बाजारातल्या तुसड्या कापडवाल्यासारखं.
तेवढ्यात उरकायचं सगळं.
चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा,
आदल्या संध्याकाळी परागकोश खुडून ठेवलेल्या कळीला
दुसऱ्या झाडाचे पराग टेकवायचे,
देठाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी: तारीख, आई, बाप.
दहातल्या आठ कळ्या दोन दिवसांत गळतात.
उरतात दोन.
त्या दोघींवर माझा पगार.

अकरा हंगाम असे गेले, तेव्हा निघाली एकोणचाळीस-ब.
साठ दिवसांत तयार.
मुळांना डसून रस पिणारं ते जांभळ्या फुलांचं तण,
ज्याला इथले लोक आग म्हणतात,
तेही हिच्या वाटेला जात नाही.
दाणा पांढरा, टपोरा,
काळा डोळा रोखून बघणारा.

गावात नेली.
सात वाणांपुढे सात तुंबे मांडले,
प्रत्येक बाईच्या हातात तीन खडे दिले.
तालातू आली, हाज्जो आली,
पाठीवर झोपलेलं पोर सावरत बाल्कीसा आली.
एकोणचाळीस-बचा तुंबा खडखडू लागला.
साहेबांनी फोटो काढला.

डेलूनं खडे मुठीतच ठेवले.
"हिला पाला कुठाय?" म्हणाली.
"दाणे आम्ही खाऊ. उन्हाळ्यात माझ्या बकऱ्यांनी काय,
तुमचा फोटो चघळायचा?"
बायका फिस्सकन हसल्या.
मी वहीत लिहिलं: एक मत बाद.

परतताना तिनं हाक मारली, "लामिनू, इकडून ये."
घरामागे बाजरीची खुंटं उभी होती,
त्यांच्यामधून चवळीचे वेल पसरलेले,
शेंगा तोडून झाल्या तरी हिरवेगार,
दोन बकऱ्या दाव्याला ताण देऊन त्यांच्याकडे बघत होत्या.
तिनं ओच्यातून मूठभर दाणे काढले.
काळ्या डोळ्याभोवती तपकिरी कडं.

हे कडं मी ओळखतो.
सतरा नंबर.
पाचव्या हंगामात लाल पेन्सिलीनं माझ्याच हातानं खोडलेली:
दाणा बारीक, वेल फार पसरतो, रद्द.

गोदाम झाडलं त्या दिवशी
केरातले दाणे चौकीदार इसुफूनं घरी नेले होते.
डेलू त्याची बायको.
अर्धे तिनं शिजवले, अर्धे पेरले.
"काय म्हणतेस हिला?"
"विसरलेली," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार?"

मी नावं ठेवली होती,
तिनं नाव ठेवलं.

चुलीवर भांडं होतं. मला बसवलं.
एकोणचाळीस-ब शिजायला किती लाकडं लागतात
हे मला कुणी विचारलंच नव्हतं,
आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.
विसरलेली तीन काटक्यांत मऊ झाली.
वर शेंगदाण्याचं तेल, तिखट.
बोटं चाटताना लक्षात आलं,
अकरा वर्षांत आपलं पीक
आपण कधी पोटभर खाल्लंच नाही.
वजन केलं, मोजलं, पाकिटात भरलं.

पण आगीनं तिचीही एक बाजू खाल्ली होती.
कोपऱ्यातले वेल पिवळे, मुळाशी जांभळी फुलं.
डेलूनं ते लपवलं नाही.
"एवढं तुझ्याकडून करून दे," म्हणाली,
जणू कुदळीला दांडा बसवून मागावा.

आज पहाटे पुन्हा चिमटा, पुन्हा स्पिरिट.
आईच्या रकान्यात सवयीनं सतरा लिहिलं,
मग खोडलं,
वर लिहिलं: विसरलेली.
साहेब विचारतील, हा कुठला नंबर.
बापाच्या रकान्यात एकोणचाळीस-ब.
शेरा: चारा बघणे. लाकडं मोजणे. डेलूला विचारणे.

सहा, कदाचित सात पिढ्या.
तोवर तिच्या बकऱ्यांच्याही कितीतरी होतील.

पहिली कळी आत्ताच गळली.
दुसरीवर मुंगी चढतेय,
मी फुंकर घालून तिला उतरवतो.