खालून दिसणारी भिंत

लिन्त्सच्या ट्रॅव्हल ऑफिसात
नोटबुर्गाने टेबलभर माहितीपत्रकं पसरली आहेत.
एका कंपनीच्या बोटीवर रोज रात्री व्हायोलिन,
जेवायला टाय सक्तीचा.
दुसरीच्या डेकवर सायकली:
सकाळी काठाकाठाने पुढे जा, संध्याकाळी बोट गाठा.
तिला सायकली आवडल्यात.
गुडघ्यांना विचारलेलं नाही अजून.

गॉटहार्ड गप्प.
एकतीस वर्षं आशाखच्या लॉकवर होता तो.
बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं,
तीन मजले पाणी उतरवायचं, पुढचं दार उघडायचं.
डेकवरून लोक हात हलवत,
हाही हलवी.
चढला मात्र नाही कधी.

"तुमचा स्वभाव कसा?" टेबलापलीकडची मुलगी विचारते.
"निवांत? हौशी? गर्दी चालते?"
तो म्हणतो, "आशाखचं लॉक किती वाजता लागतं?"
ती सगळी वेळापत्रकं चाळते.
"रात्रीच. सगळ्यांचंच.
पाहुणे झोपलेले असतात, काही चुकत नाही."

काही चुकत नाही.

मग तो सगळ्यात खालची केबिन मागतो,
पाण्यालगतची, खिडकी न उघडणारी,
बाल्कनीवालीच्या निम्म्या भावात.
बोट खाली बसू लागेल तेव्हा
काचेपासून वीतभर अंतरावर
ती भिंत वर सरकत जाईल,
ओली, शेवाळलेली,
आजवर नुसती वरून पाहिलेली.

नोटबुर्गा चष्मा काढते.
"सायकली आहेत ना त्या बोटीवर?"
"आहेत."
"मग कर सही. पण रात्री दिवा लावायचा नाही."
"दिवा लावला," तो म्हणतो,
"तर बाहेरचं दिसतच नाही."