नन्नाचा पाढा

ऐरोलीत सेक्टर आठला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर
लोपीस सर स्पॅनिश शिकवतात. मूळचे वसईचे.
फळ्यावर लिहिलं: कोल्गार. टांगणं. फोन ठेवणं.
म्हणाले, आता कुणाला तरी नको म्हणा.

आपल्याकडे ठेव, ठेवू नको.
धातूला फार तर एक ऊ चिकटतो,
नको मागून येतो,
कधी इतका मागून
की समोरच्यानं ठेवूनही दिलेला असतो.

त्यांच्याकडे नो आधी.
मग धातूचं पोट फुटतं,
ओचा उए होतो, शेपटीतल्या आचा ए:
नो कुएल्गे.
एका नकारासाठी एवढी मोडतोड कशाला, सर?
सर म्हणाले, चहा घ्या.

महापेला तिसऱ्या मजल्यावर माझं काम रात्रीचं.
पार तिकडे कुणाची लिफ्ट अडकली
आणि त्यानं लाल बटण दाबलं
की आत मी ऐकू येते.
समोर कार्ड चिकटवलंय:
हलू नका. दारावर जोर लावू नका.
धीर सोडू नका. फोन ठेवू नका.
चारही क्रियापदं फुटक्या पोटाची.
कार्ड लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल.

काल सव्वातीनला एक बाई. मोन्तेर्रेय.
तिच्याकडे आदली दुपार.
चौथा आणि पाचवा यांच्या मधे,
दिवे गेलेले, पिशवीत बर्फातले मटार.
घाईत माझ्या तोंडून धातू अख्खाच निघाला:
नो कोल्गे.

पलीकडे शांतता.
मग अंधारातून, शाळेत खडू आपटावा तशी,
कुएल्गे, पोरी. कुएल्गे.
एकतीस वर्षं शिकवलंय मी.

तिनं माझा पाढाच घेतला.
झोपू नकोस? नो दुएर्मास.
हरवू नकोस? नो पिएर्दास.
परत येऊ नकोस? नो वुएल्वास.
तिसऱ्याला आमच्या उंबऱ्यावरचं आठवलं,
जाते म्हणू नये, येते म्हणावं,
पण ते सांगण्याइतकी स्पॅनिश मला येत नव्हती.

आणि आपण? ती म्हणाली.
आपण दोघींनी ठेवायचा नाही, हे कसं म्हणशील?
मी उए लावायला गेले.
नाही, म्हणाली, आपणमध्ये तो फुटत नाही.
नो कोल्गेमोस.
(झोपणं तिथंही उ होऊन बसतं,
त्याचं वेगळं, ते उद्या, म्हणाली.)

बाविसाव्या मिनिटाला मेकॅनिकचा पाना वाजला.
नोंदीत रकाना असतो, कॉल कुणी बंद केला.
मी तो मोकळा सोडलाय.
मटारांचं काय झालं
ते विचारायचं राहिलं.