पान एकेचाळीस ते अठ्ठावन्न

जिल्हा कार्यालयाच्या पत्र्याखाली अकरा मुख्याध्यापक,
मधे ताटलीत उकडलेले भुईमूग
आणि लुसाकाहून आलेला प्रश्न:
देहाचा तो नवा धडा शिकवता का?

लिकांदो सर म्हणाले, शिकवतो की.
परागकण, केसर, कुक्षी, सगळं.
फुलापाशी थांबतो.
हसले सगळे. नामुकोलोबाईही हसल्या.

मुबिता सर म्हणाले, चर्चच्या मंडळाला विचारावं लागतं,
आणि मंडळावर माझे सासरे आहेत.
कोणी म्हणालं, हे आत्याचं काम होतं;
मुलगी न्हाती झाली की वेगळ्या खोपीत बसवून सांगायची.
आता आत्या शहरात, खोपीत शेळ्या.

बाईंची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या,
वेळापत्रकात बसत नाही.
इतिवृत्तात तसंच उतरलं. अळीमिळी गुपचिळी.

परतताना झांबेझीचं पाणी मैदानभर पसरलेलं.
होडीवाला बोलेना, बाई बोलेनात.
त्यांच्या डोळ्यांपुढे कपाट:
साठ पुस्तकं, आणि प्रत्येकात
पान एकेचाळीस ते अठ्ठावन्न
त्यांनीच स्टेपलरनं शिवलेली.
पिनांच्या दोन डब्या, स्वतःच्या पगारातून.
पालकांचं मन राखायला.

मंगळवारी नोसिकु आली.
पटावर तिच्या नावापुढे वर्षभर लाल रेघ होती.
पाठीवर चितेंगेत बांधलेलं बाळ झोपलेलं.
नियम आहे, परत घ्यायचं. घेतलं.
पुस्तक दिलं.
तिनं ते उघडायला पाहिलं, नखानं, मग दातानं,
मग सरळ विचारलं:
बाई, हे परीक्षेला नाही का?

त्या रात्री कंदिलापाशी
चमच्याच्या दांड्यानं एकेक पिन उपसत
बाई आधी स्वतः वाचायला बसल्या.
छप्पन्नाव्या वर्षी, चार बाळंतपणांनंतर,
एका आकृतीवर बोट ठेवून कितीतरी वेळ.
याला नाव आहे तर.
इंग्रजीत आहे. लोझीत त्यांना
फक्त शिव्या आठवल्या.

साठापैकी बावीस पुस्तकं झाली.
पिना निघाल्या, भोकं राहिली.

सकाळी आठवीच्या वर्गात
पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं,
बाई, बोटाला काय झालं?
पिन लागली.
कसली पिन?

बाईंनी दार लोटलं. परत उघडलं.
उघडंच ठेवलं.
फळ्यावर पहिला शब्द लिहिताना
खडू दोनदा तुटला.