केसाएवढी जागा

एस्टोनियातली एक दलदल. ऑगस्ट. पहाटेचे साडेपाच.

फळीवरून उतरू नकोस, राइमो.
इथली जमीन जमीन नसते,
शेवाळाखाली नुसतं जुनं पाणी.
पाय गेला तर पाय परत मिळतो,
बूट मिळत नाही.

पालथा झोप. कोपरं टेकव.
तुझ्या महागड्या लेन्सची पिशवी राहू दे मिटलेली,
ही घे. सोव्हिएत काळातली,
कॅमेऱ्याला उलटी बसवलीय,
मधल्या फटीला चिकटपट्टी.
उलटी धरली की ती दूरचं सगळं विसरते
आणि जवळचं सोडत नाही.
माणसाचं म्हातारपणी नेमकं याच्या उलट होतं.

फ्लॅशवर हा केफिरचा डबा चढव,
धुतलाय, वास येणार नाही.
नागडा उजेड किड्याच्या पाठीवर
थोबाडीत मारल्यासारखा पडतो.
गाळून घ्यायचा, चहा गाळतो तसा.
चॉकलेटचा चांदीचा कागद त्या बाजूला टेकव,
पोटाखालच्या अंधारालाही
काहीतरी म्हणायचं असतं.

तो बघ, चतुर.
रात्रभराचं दव अंगावर घेऊन काडीला चिकटलाय.
एवढा चतुर,
पण ऊन येईपर्यंत त्याचं काही चालत नाही.
पंखावर थेंब, थेंबात उलटी पाइनची झाडं.
ते सगळेच काढतात. तूही काढ,
एकदाचा मोकळा हो.
मग डोळ्याकडे ये.

स्पष्ट दिसणारी जागा इथे केसाएवढी असते.
कडी फिरवू नकोस, तूच पुढे झुक,
अर्धा श्वास सोड, अर्धा धर.
मी एकोणीस वर्षं सिंदीच्या गिरणीत
भिंगातून लोकरीचे धागे मोजले.
एक चुकला की खडूची खूण, गठ्ठा बाजूला.
इथे खडू नाही.
पंख फाटका असला तर फाटका घ्यायचा.

काय म्हणालास? फ्रिज?

ठाऊक आहे मला.
मीही ठेवला होता एक भुंगेरा,
हिरवा, सोन्याचं पाणी दिल्यासारखा,
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, लोण्याशेजारी.
वीस मिनिटं म्हणून.
मग हेल्वेचा फोन आला,
तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं,
बोलणं लांबलं.
कितीही लांबलं तरी इतकं लांबायला नको होतं.
बाहेर काढला तेव्हा सहाही पाय पोटाशी.
टाचणीने एकेक सरळ केला.
शेवाळावर बसवला.
फोटोत मिशीसुद्धा हललेली नाही.
ग्रंथालयाच्या प्रदर्शनात पहिला आला.
लोक म्हणाले, किती शांत बसलाय.
मला बक्षीस म्हणून थर्मास मिळाला.
हाच. मघाशी तू ज्यातून कॉफी प्यालास.

बोलू नकोस, वाफ काचेवर बसते.
मीही गप्प बसते.

आलं ऊन, बुंध्यांच्या मधून.
बघ, पंख थरथरायला लागले.
भीतीने नाही, तो अंग तापवतोय.
थेंब झडतायत, एक, तीन,
आता मोजू नकोस,
झुक,
घे,
अरे घे ना.

गेला.

दाखव. हं.
डोळा नाही आला. पाठही नाही.
काडी आलीय, ओझं उतरल्यावर डोललेली,
आणि वर कोपऱ्यात एक पुसट रेघ.

पुसू नकोस ते. राहू दे.
थर्मासमध्ये घोटभर आहे अजून,
आणि त्या पलीकडच्या काडीपर्यंत
ऊन अजून पोचलेलं नाही.