दुसरी प्रत

उद्यमबागच्या फाउंड्रीत लोखंड उडालं
त्याला येत्या शिमग्याला चार वर्षं.
उजवा डोळा तिथंच राहिला.
डाव्यानं दिसतं
ते ताकाच्या ग्लासातनं बघितल्यागत.

मागच्या खेपेला कागदावर आलं : तीस टक्के.
पेन्शनीला चाळीस लागतात.
वहिनी म्हणाली, दहा कुठं ठेवून आलास भाऊजी,
बशीत बघ राहिलेत काय.

म्हणून अर्ज केला,
या वेळी तपासणीचा आवाज भरून घेतो म्हणून.
पंधरा दिवसांनी उत्तर आलं, कन्नडात.
शेजारच्या बसय्यानं वाचून अर्थ सांगितला.
आमच्यात पाटीच्या अक्षरावरनं डोकी फुटलीत,
मला दोन्हीकडनं
एकच काळा पट्टा दिसतो.

मोबाईल चालणार नाही.
यंत्रं दोन, एका जातीची, संगट चालणारी.
एक टेप तुमची, एक आमची, तिथल्या तिथं द्यायची.
आणि भरलेलं कुणाला ऐकवू नये.

एका जातीचे दोन टेपरेकॉर्डर, या जमान्यात!
शहापूरच्या मेणसे रेडिओवाल्यानं
एक माळ्यावरनं काढला,
दुसरा कडोलीच्या भजनी मंडळाचा,
शनिवारच्या आत परत करायच्या बोलीवर.
कोऱ्या टेपा कुठंच मिळेनात.
शेवंतानं ट्रंक उघडली,
आमच्या लग्नाच्या दोन टेपा माझ्या हातात ठेवल्या.
ने, म्हणाली. मला पाठ आहे सगळं.

मंगळवार. खोली बारा.
डॉक्टर वयानं पोरगाच असावा, आवाजावरनं.
दोन्ही पेट्यांची बटणं त्यानं स्वतः दाबली,
एक या हातानं, एक त्या,
आणि जरा हसला.
मग म्हणाला, एष्टु बेरळु?
किती बोटं.

पुढं काहीतरी पांढरं हललं.
मी म्हटलं, तीन.

कागदावर आलं : बोटं ओळखतो. तीस टक्के.

टेपेवर असं आहे.
प्रश्न.
मग पंखा.
बाहेर कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवतं.
माझी खुर्ची करकरते, मी पुढं वाकलोय.
नर्सची बांगडी.
पंखा.
कुणाचा तरी श्वास, जवळचा, तोंडानं घेतलेला.
हा मी व्हय? विचारलं तर शेवंता काहीच बोलली नाही,
मोबाईलच्या घड्याळावर मोजत होती.
अकरा सेकंद.
त्यानंतर माझा आवाज येतो,
गुळाच्या सौद्यात बोली लावल्यागत :
तीन.

तीनच होती, हेही खरं.
मी खोटं सांगत नाही.
पण कागदाला त्या अकरा सेकंदांचा रकानाच नाही.

अपिलाला गेलो. कारकून भला माणूस,
चहा मागवला त्यानं, मराठीतच बोलला.
तुमची टेप आहे की आमच्या कपाटात, म्हणाला,
नंबर घालून, सील करून.
वाजवायला यंत्र नाही.
तुम्ही आणा.
एक आणू? म्हटलं.
त्यानं नियम काढून वाचला.
दोन. एका जातीचे.
आणि कडोलीत तर पुढचा सप्ताह लागलेला.

रात्री मेणशाच्या पेटीवर आमची प्रत लावतो.
तपासणी संपते, डॉक्टर म्हणतो होगी,
दार, चपला,
खट्.
आणि त्याच्या मागनं धाडकन आमच्या लग्नाचा बॅण्ड,
मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं,
माझी आत्ती खोकतीय.
कुणाला ऐकवू नये, असा नियम.
शेवंता आवाज वाढवते.

मी म्हटलं, त्यांच्या प्रतीत काय निघेल गं शेवटाला?
ती भाकरी थापत होती. थापत राहिली.
दुसऱ्या टेपेत पाठवणी आहे, म्हणाली.
बाबा रडतात त्यात.

सासरे जाऊन सहा वर्षं झाली.
खोली बाराच्या मागं, लोखंडी कपाटात,
सीलबंद,
माझ्या तीन बोटांच्या पुढं कुठंतरी
ते रडूलालेत,
आणि सरकारकडे यंत्र नाही.