काळीज, उजवीकडे

सोहारच्या दवाखान्यात सकाळी सातला
परवान्याच्या रक्ताची रांग लागते.
माझ्या बिल्ल्यावरचं ‘मांजरेकर’ वाचून
एक जण हळूच म्हणाला,
“बाई, सुई जरा बेतानं. आपल्याकडच्याच दिसताय.”
नागनाथ सुरवसे. करमाळ्याच्या पलीकडचा.
मासळीबाजारामागे केशकर्तनालय,
दिवसाला तीस दाढ्या.

आठ दिवसांनी तो परत आला,
मीच बोलावलं होतं.
कागदावर कावीळ, आणि पुढे एकच अक्षर: ब.
एवढ्याशा अक्षराला
परतीचं तिकीट टाचलेलं.

“काळीज गेलं का माझं?”
हात छातीवर, डावीकडे.

मी मनगट धरून तो हात
उजवीकडे आणला, फासळ्यांच्या आडोशाला.
इथं.
आपण जन्मभर काळीज चुकीच्या घरात शोधतो.
धडधडतं ते हृदय, कौतुक सगळं त्याचंच.
काळीज हे:
दीड किलोचं, मुकं,
खाटकाच्या तराजूत ज्याला कलेजी म्हणतात,
जे येईल ते गाळत बसलेलं.
त्याच्या आत दुखण्याची सोयच नाही.
सगळा घोळ तिथंच आहे.

“दारूला शिवलो नाही कधी.”
माहितेय. हा दारूचा नाही.
हा आत शिरतो आणि काही मोडत नाही,
नुसता राहतो.
तीस वर्षं विनापरवाना,
कुणी कागद मागत नाही.
मग कधीतरी शरीराचे शिपाई त्याला हुडकायला निघतात
आणि झडतीत घरच जळतं.
जळल्या जागी पेशी पुन्हा उगवतात, हे खरं,
पण दर खेपेला तेवढ्या मऊ नाही.
तुमच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलाय ना,
तसे घट्टे आतून पडत जातात.
तुमचे अजून थोडेच आहेत.
रोज एक गोळी, सहा महिन्यांनी तपासणी,
कदाचित जन्मभर.

तो अंगठ्याकडे बघत राहिला.
“कुणाच्या ब्लेडनं लागलं असेल?”
असेलही, म्हटलं. आई आहे का?

आई नाही.
आईला कावीळ सारखी व्हायची.
गळ्यात माळ घालायचे, ती लांबत जायची,
चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं,
आणि सगळे म्हणायचे, उतरली.
अडतिसाव्या वर्षी पोट रांजणाएवढं झालं.
गावात म्हणाले, करणी.

“म्हणजे आईनं दिलं मला.”
दिलं नाही हो. आलं.
तिला तरी कुठं माहीत होतं.

(हे वाक्य मी किती जणांना म्हटलंय.
दर वेळी जीभ जड होते.)

खोलीतल्या सहा जणांनी त्याचा पेला वेगळा काढलाय.
मी त्यांना हिंदीत चिठ्ठी लिहून दिली:
एका ताटात जेवल्यानं होत नाही,
मिठीनं, शिंकेनं होत नाही.
रक्तानं होतो. वस्तरा, ब्रश, सुई आपापली ठेवा.
निरोध वापरा. लस टोचून घ्या, तीन वेळा.
चिठ्ठी वाचली की नाही, ठाऊक नाही.
पेला अजून खिडकीत आहे, तो म्हणाला.

मग एकदम उठला.
“पोरी!”

फोन लागला. तिकडे पत्र्याची पेटी वाजली.
“पिवळं कार्ड. हां. थोरलीचं.
जन्मल्या दिवशी काय टोचलंय, वाच.”
बायको अक्षर लावत वाचत होती,
आम्ही दोघं फोनवर वाकलो होतो
जणू तिकडचं इथून दिसेल.
“हि… हिपा… पुढं पुसलंय.
शिक्का आहे. तारीख तीच.”
त्यानं श्वास सोडला. हात
आपोआप गेला, उजवीकडे.

“आन् धाकटीचं?”

पेटीत पुन्हा खसखस.
दाराशी रांग चुळबुळायला लागली,
पुढचा नंबर मी पुकारला नाही.
“धाकटी माहेरी झाली ना,” ती म्हणाली,
“थांबा, आईला विचारते.”